लवकर पोचलेल्यांचं म्युझियम

आवडीत राहणाऱ्या माणसाला विमान चुकायची भीती जन्मतः नसते, ती पूनमल्ली रोडवर लागते. आवडी चेन्नईच्या पश्चिमेला आणि विमानतळ दक्षिणेला, मीनंबाक्कमला. नकाशावर बोट फिरवलं तर अंतर जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर भरतं. पण नकाशात पाण्याचे टँकर नसतात, रस्त्याचं खोदकाम नसतं, लग्नाची वरात नसते आणि नोव्हेंबरातला पाऊस तर नसतोच नसतो. लोकलनं जावं म्हटलं तर आवडीहून सेंट्रल, तिथं बॅगा ओढत रस्त्यापलीकडचं पार्क स्टेशन गाठायचं, मग तांबरमची गाडी धरून तिरुसूलमला उतरायचं, की समोर विमानतळ. ही वाट वेळ पाळते, पण आमच्या बॅगेच्या चाकांना ती मानवत नाही. हल्ली सेंट्रलहून थेट विमानतळापर्यंत मेट्रो आहे. तिच्यामुळं तासभर वाचतो, आणि तो वाचलेला तास हाताशी असावा म्हणून आम्ही आणखी तासभर आधी निघतो.

आमच्या कॉलनीत कुणी विमानाची वेळ सांगितली की ऐकणारा मनातल्या मनात तीतून पाच वजा करतो. शेजारच्या मामी सात वजा करतात. "सार, तिथं बसून राहिलेलं बरं, इथं बसून घाबरण्यापेक्षा," असं त्यांचं म्हणणं. याला उत्तर नाही. परिणाम असा की आवडीकर हा विमानतळावर प्रवासी कमी आणि मुक्कामाला आलेला पाहुणा जास्त असतो. वर्तमानपत्र वाचून होतं, इडलीचा भाव बघून भूक मरते, बायको डोळे मिटून बसते. मग भिंती दिसायला लागतात.

माझं असं ठाम मत झालंय की विमानतळावरची चित्रं, शिल्पं, इतिहासाचे फलक हे सगळं फक्त लवकर आलेल्यांसाठी असतं. धावत येणाऱ्याला गेटचा नंबर सोडून काही दिसत नाही. वेळेवर येणाऱ्याला चार्जिंगचा पॉइंट दिसतो. त्या पॉइंटपाशी मोठं भित्तिचित्र असलं, तर सगळी मंडळी त्याला पाठ टेकून ओळीनं बसतात. चित्रकारानं रंगवलेल्या मिरवणुकीतल्या हत्तीच्या पायाशी खरी माणसं मोबाइल चार्ज करताहेत, हे दृश्य मी एकाहून जास्त शहरांत पाहिलंय. हत्ती काही बोलत नाही. संग्रहालयात माणूस ठरवून जातो, तिकीट काढतो, म्हणून तिथं त्याला बघावंच लागतं. इथं सगळा मामला उलटा. इथं चित्रं माणसांची वाट बघतात आणि माणसं विमानाची.

लेक सिंगापूरला असल्यामुळं आमचं येणं-जाणं बहुतेक आंतरराष्ट्रीय बाजूनं होतं. चेन्नईच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन 8 एप्रिल 2023 रोजी झालं. खर्च 1,260 कोटी, आणि विमानतळाची क्षमता वर्षाला 2.3 कोटी प्रवाशांवरून 3 कोटींवर जाणार, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. इमारतीच्या रचनेत कोलम, साडी, देवळं अशा इथल्या गोष्टी गुंफल्यात, असंही सांगितलं होतं. त्या मान वर करून शोधाव्या लागतात, आणि मान वर करायला आमच्याकडं भरपूर वेळ असतो.

कोलम म्हणजे आपल्या रांगोळीची सख्खी मावसबहीण. पण नात्यात जेवढं साम्य असतं तेवढाच फरकही असतो. मामींचं कोलम मी रोज बघतो. पहाटे अंधारात त्या दारात पाण्याचा सडा घालतात. मग तांदळाच्या पिठाची चिमूट धरून आधी ठिपके. ठिपके मोजून, रांगेत; एक चुकला तर सगळं चुकलं. त्यानंतर त्या ठिपक्यांना वळसे घालत जाणारी रेघ. ती कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते शेवटी सापडत नाही, कारण ती जिथून निघते तिथंच येऊन मिळते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पीठ असं सुटतं, की वाटावं रेघ आधीपासून जमिनीत होती, मामी नुसत्या तिच्यावरून बोट फिरवताहेत. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, कोलम अख्खा रस्ता अडवतं. आठ वाजता त्यावरून दूधवाल्याची सायकल जाते, नऊला सिलिंडरवाला सिलिंडर गडगडवतो, उरलेलं मुंग्या खातात. दुपारपर्यंत काही राहत नाही.

विमानतळावरचं कोलम पुसलं जात नाही. ते दिव्यांचं, धातूचं, काचेचं, पक्कं. मी त्याचे फोटो काढून आणले आणि मोठ्या कौतुकानं मामींना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, ओठ हलवत ठिपके मोजले. मग फोन परत देत म्हणाल्या, "छान आहे. पण सार, उद्या काय काढणार?"

विमानतळावर स्थानिक इतिहास दाखवायचा तर कुठला, हा प्रश्न सोपा नाही. मुंबईनं तो पैसा आणि हौस दोन्ही सढळ हातानं खर्च करून सोडवला. 2014 साली सुरू झालेल्या टर्मिनल 2 मध्ये 'जय हे' नावाचं अख्खं कलादालन आहे. राजीव सेठींच्या देखरेखीखाली देशभरातून पाच हजारांहून जास्त वस्तू आणून तिथल्या लांबच लांब भिंतीवर मांडल्या गेल्या. जुने दरवाजे, झरोके, कोरीव खांब, मुखवटे, मूर्ती. बघण्यासारखं आहे यात वाद नाही. पण बरंचसं बघणं सरकत्या पट्ट्यावर उभं राहून होतं. आपण एका दरवाज्यापाशी 'अरे, हा तर आपल्या कोकणातल्या माजघराचा...' असं म्हणेपर्यंत पट्टा आपल्याला राजस्थानात नेऊन सोडतो. परत मागं यायचं तर बाजूनं चालत यावं लागतं, आणि तोवर सौ. पुढं जाऊन ओळखीच्या कुणाशी तरी बोलत उभ्या असतात. दिल्लीच्या टर्मिनल 3 मध्ये तांब्याच्या गोल तबकड्यांच्या भिंतीतून नृत्यमुद्रांचे भलेमोठे हात बाहेर आलेत, आणि ते नेमके पासपोर्ट तपासणीच्या डोक्यावर. हॉलमध्ये शिरताच अभयाचा हात दिसतो, खाली खिडकीतला माणूस मात्र आपल्याकडं आणि आपल्या फोटोकडं आळीपाळीनं बघत असतो. कोल्हापूरच्या नव्या इमारतीनं दगडी कमानींचं तोंड घेतलंय, त्यामुळं तिथं उतरल्यावर आपण विमानातून आलो की पन्हाळ्याहून खाली उतरलो, असा क्षणभर घोटाळा होतो. तो मला आवडला.

बाहेरच्या देशांत हा प्रकार जुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर 1980 पासून रीतसर म्युझियम चालतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमनं 2002 मध्ये आपली एक छोटी शाखाच विमानतळावर उघडली. आपल्याकडं मात्र हे काम विमानतळांच्या आधी विमान कंपनीनं केलं. एअर इंडियानं 1956 च्या सुमारास चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली, आणि त्या पहिल्या खरेदीत होती नागपूरकडच्या बी. प्रभा यांची चित्रं. नाव व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. पुढं गायतोंडे, हुसेन, आरा सगळेच त्या संग्रहात आले. लंडन-न्यूयॉर्कच्या तिकीटघरात प्रवासी रांगेत उभा राहिला की समोर आपले चित्रकार. 1967 साली तर कंपनीनं साल्वादोर दालीकडून ॲशट्रे करून घेतले. मोबदल्यात दालीनं पैसे मागितले नाहीत, हत्ती मागितला. आणि सरकारी कंपनीनं हत्तीचं पिल्लू खरोखर स्पेनला पाठवलं! मी आयुष्यभर सरकारी कारखान्याच्या हिशेब विभागात काढलं, त्यामुळं मला त्या ॲशट्रेपेक्षा त्या व्हाउचरची उत्सुकता जास्त आहे. 'ॲशट्रेपोटी हत्ती, नग एक' हे कुठल्या खात्यात टाकलं असेल? ऑडिटवाल्यांनी हत्तीचा घसारा कसा लावला असेल? असो. तो संग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडं गेलाय.

चेन्नईत परत येऊ. आमच्या सौ.ना भिंतींपेक्षा हस्तकलेच्या दुकानात जास्त रस असतो, आणि खरं सांगायचं तर तिथंच वस्तू सगळ्यात जवळून बघता येते. शिवाय तिथं प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते. भिंतीवरच्या चित्राखाली पुष्कळदा चित्रकाराचं नाव शोधावं लागतं, दुकानातल्या चित्राखाली किंमत शोधावी लागत नाही. तंजावर चित्र हातभर अंतरावरून बघितलंय का कधी? लांबून ते नुसतं सोनेरी दिसतं. जवळ गेलं की कळतं, ते चित्र कमी आणि उठावाचं काम जास्त आहे. लाकडी फळीवर कापड डकवायचं, त्यावर चुन्या-खडूचा लेप, मग लोणी खाणाऱ्या गुबगुबीत बाळकृष्णाचे दागिने, प्रभावळ, खांबांच्या कमानी लेपाचे थर देत वर उचलायच्या. त्या उंचवट्यावर सोन्याचा वर्ख दाबून बसवायचा, मध्येमध्ये काचेचे खडे. बाळकृष्णाचा चेहरा मात्र सपाट, रंगानं काढलेला. दागिन्यांवर बोट फिरवलं तर खड्ड्या-चढाची वाट लागते, गालावर बोट ठेवलं तर काही लागत नाही. (बोट फिरवू नये. दुकानातली मुलगी लगेच येते.)

या चित्रशैलीला बहर आला तो तंजावरच्या मराठा राजांच्या काळात. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथं गादी स्थापली आणि दुसऱ्या सरफोजीराजांपर्यंत तिथं मराठी मोडीतला कारभार चालला. म्हणजे चेन्नईच्या विमानतळावर 'खास इथलं' म्हणून जे चित्र पाहुण्यांना दिसतं, त्याच्या मागं आपल्या भोसल्यांचा खजिना उभा आहे. आणि ते खास इथलंही नाही, कारण तंजावर चेन्नईपासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर. पुणे विमानतळावर नागपूरची वस्तू 'आमच्या गल्लीतली' म्हणून मांडावी, त्यातला प्रकार. पण परदेशी पाहुण्याला तेवढा हिशेब कोण विचारतो?

सरफोजींचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या भिंतीवर त्यांनी 1803 साली भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. दगडावरचा एवढा मोठा मराठी लेख दुसरीकडं नाही. मी तो पाहिला तेव्हा शेजारी दर्शनाची रांग होती आणि त्या रांगेतला एकही माणूस तो वाचत नव्हता. पण राजांचा अंदाज पक्का होता. वाट बघणारा माणूस कधी ना कधी भिंतीकडं बघतो. आज विमानतळ बांधणारी मंडळी तोच अंदाज बांधून कोट्यवधी रुपये भिंतींवर घालताहेत.

त्याच दुकानात तंजावरची मान डोलावणारी बाहुलीही असते. कमरेपासून वेगळी, मानेपाशी वेगळी, नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर 'हो, हो' करणारी. सौ. तिच्यासमोर उभ्या राहून विचारत्या झाल्या, "घेऊ या का हो नातीसाठी?" बाहुलीनं मान डोलावली. आमच्या घरातले निर्णय साधारण याच पद्धतीनं होतात.

बाहुली पिशवीत गेली आणि मी परत भिंतींकडं वळलो. भिंतीसमोर बराच वेळ उभा राहणारा माणूस विमानतळावर संशयास्पद ठरतो, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गणवेशातला एक तरुण जवान हळूच शेजारी येऊन उभा राहिला. मी काय बघतोय ते त्यानं आधी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. सौ. मागून मराठीत काहीतरी ओरडल्या आणि त्याचा चेहराच बदलला.

"काका, तुम्ही आपल्याकडचे?"

तो बीड जिल्ह्यातला निघाला. मी त्याला विचारलं, ही चित्रं कुणी बघतं का. तो म्हणाला, "फोटो काढतात की. पाठ करून." मग जरा विचार करून, "लहान पोरं बघतात. त्यांना घाई नसते ना."

मी त्याला म्हटलं, इथल्या खऱ्या इतिहासाची वस्तू मांडायची तर तुमच्या तपासणीतून ती आत येणार नाही. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. पण हे अगदी खरं आहे. या विमानतळाच्या शेजारचं गाव पल्लावरम. 30 मे 1863 रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भ खात्यातल्या माणसाला पल्लावरमच्या कवायतीच्या मैदानाजवळ, मुरमाच्या खाणीत, एक दगड सापडला. दगड आपोआप फुटलेला नव्हता, कुणीतरी ठाकून-ठोकून त्याला धार काढली होती. ती होती अश्मयुगातली हातकुऱ्हाड. भारतात फार प्राचीन काळी माणूस वावरत होता, त्याचा पहिला ठोस पुरावा. त्याच वर्षी फूट आणि त्याचा सहकारी पुढं अत्तिरंपाक्कमला पोचले. ते गाव आमच्या आवडीच्या बाजूनं, तिरुवळ्ळूरच्या पलीकडं. तिथं मग अवजारांचा खच मिळाला. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि 2011 साली दाखवून दिलं, की त्यातली सर्वांत जुनी अवजारं सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची आहेत.

आता सांगा, पंधरा लाख वर्षांच्या माणसाचा शेजार लाभलेला दुसरा विमानतळ कुठं असेल? फूटनं जमवलेला संग्रह एगमोरच्या सरकारी संग्रहालयात आहे. पण हातकुऱ्हाड म्हणजे धारदार हत्यार. ते हातातल्या सामानात चालत नाही. जवान हसला आणि म्हणाला, "चेक-इनमध्ये टाका काका."

एवढ्यावर थांबत नाही. विमानतळापासून हाकेच्या अंतरावर सेंट थॉमस माउंट ही टेकडी. विल्यम लॅम्टननं 10 एप्रिल 1802 रोजी इथून साखळ्या टाकून जमीन मोजायला सुरुवात केली. पहिली रेघ साडेसात मैलांची. ते मोजमाप वाढत वाढत हिमालयाला भिडलं आणि जगातलं सर्वांत उंच शिखर कुठलं, ते त्या हिशेबातून ठरलं. शिखराला नाव मात्र लॅम्टनच्या मागून आलेल्या साहेबाचं मिळालं. आमच्याही खात्यात हे असंच चालायचं. इथल्याच खडकाची आणखी एक कथा. कोलकात्यात जॉब चार्नॉकच्या थडग्यावर जो दगड बसवला, तो या भागातला होता. पुढं 1893 मध्ये हॉलंड नावाच्या भूवैज्ञानिकानं त्या दगडाचा अभ्यास करून खडकाला चार्नॉकाइट असं नाव दिलं. म्हणजे खडक पल्लावरमचा, थडगं कोलकात्यात आणि नाव अशा माणसाचं, ज्याचा त्या दगडाशी संबंध मेल्यावर आला.

विमानांचा इतिहास तर दारातच पडलाय. 1910 साली, म्हणजे अलाहाबादच्या प्रसिद्ध टपाल-उड्डाणाच्या वर्षभर आधी, जाकोमो द'आंजेलिस नावाच्या मद्रासच्या हॉटेलवाल्यानं सिम्पसन कंपनीकडून विमान बांधून घेऊन ते उडवून दाखवलं. हॉटेलवाल्यानं विमान उडवण्याचा काळ गेला, आता विमानतळच हॉटेलवाले झालेत. आणि 15 ऑक्टोबर 1932 ला जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण ते विमान मुंबईहून पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला नेणारा नेव्हिल व्हिन्सेंट कुणाला आठवत नाही. मुंबई-मद्रास ही वाट इतकी जुनी. त्या विमानात माणसं नव्हती, पत्रं होती. पत्रांना पाच तास आधी येऊन बसावं लागत नसे.

यातलं काही विमानतळावर मांडलेलं मला तरी दिसलं नाही. इतिहास दिसला तो नावांत. जुन्या देशांतर्गत टर्मिनलला कामराजांचं नाव, आंतरराष्ट्रीयला अण्णादुराईंचं. 1967 च्या निवडणुकीत अण्णांच्या पक्षानं कामराजांच्या काँग्रेसला जे उखडलं, ते आजतागायत काँग्रेस इथं स्वबळावर सत्तेवर आलेली नाही. विमानतळावर मात्र दोघं भिंतीला भिंत लावून नांदताहेत, आणि टॅक्सीवाला विचारतो, "अण्णा की कामराज?"

कामराज म्हटलं की आवडी आलीच. ते मुख्यमंत्री असताना, जानेवारी 1955 मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन आमच्या आवडीत भरलं. ढेबरभाई अध्यक्ष होते, नेहरू आले होते, आणि देशात समाजवादी धर्तीची समाजरचना आणण्याचा ठराव इथंच झाला. पुढची पस्तीस-एक वर्षं देशानं जे काही भोगलं किंवा कमावलं, ज्याच्या त्याच्या मताप्रमाणं, त्याचं बारसं आवडीचं. त्यानंतर 1961 मध्ये इथं रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला. विजयंता, अजेय, भीष्म, अर्जुन ही सगळी आवडीची लेकरं. शेजारच्या कारखान्यात सैन्याचे कपडे शिवले जातात. म्हणजे देशाचा जवान कपड्यांपासून रणगाड्यापर्यंत आवडीत तयार होऊ शकतो, फक्त माणूस तेवढा बाहेरून आणावा लागतो.

एवढं असून विमानतळाच्या भिंतीवर आवडी का नसावी? मी हे सौ.ना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, कोलमच्या शेजारी रणगाडा कसा दिसेल?" मी म्हटलं, कॉलनीत तसाच दिसतो. चौथऱ्यावर रणगाडा, आणि शेजारच्या ओळीत घरोघरी कोलम. त्यांनी बाहुलीकडं बघितलं. बाहुलीनं मान डोलावली, पण या वेळी कुणाच्या बाजूनं ते समजलं नाही.

कारखान्यातला एक जुना सोबती आहे, माझ्याहून वयानं मोठा. वेल्डर म्हणून लागला आणि वेल्डर म्हणूनच निवृत्त झाला. मी त्याच्यापुढं हाच विषय काढला. तो म्हणाला, "सार, विमानतळावर ठेवून काय करायचं? तिथं येणाऱ्याला त्यातलं काय कळणार?" मला ते पटलं नाही, म्हणून आमच्या गावाकडच्या एका लग्नाला त्याला सोबत घेऊन गेलो आणि येताना वाट वाकडी करून नगरला उतरलो. नगरचं घोडदळाचं रणगाडा संग्रहालय मी बरीच वर्षं ऐकून होतो. उघड्या आवारात देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे, ऊन मी म्हणत होतं. पाहुणे मंडळी तोफेच्या नळीखाली उभं राहून फोटो काढत होती, मुलं चाकं मोजत होती. मी फलक वाचत एकेक रणगाडा पुढं सरकत होतो.

विजयंतापाशी आल्यावर सोबत्यानं फलक वाचलाच नाही. त्यानं रणगाड्याला एक चक्कर मारली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली वाकला, कडेच्या पत्र्याखालून जिथं दोन जाड पत्रे जोडले होते तिथं मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला. मग उठला, हात झटकले आणि नापसंतीनं म्हणाला, "हे आमच्या शिफ्टचं नाही."